उतरायला जास्त वेळ

४ जानेवारी २०२६, रविवार

रविराज येऊन गेला. दहावीला गणितात पस्तीस मार्क — तेही मी वर्षभर मानगुटीवर बसले म्हणून! आता गावाबाहेर कृषी पर्यटन केंद्र काढतोय. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पुण्याची माणसं येणार, हुरडा खाणार, बैलगाडीत बसून फोटो काढणार. आणि आमच्या ह्यांनी, रविकांतांनी, पाट्या लावून आखलेल्या वाटेवरून फिरायला जाणार.

"बाई, राग मानू नका," म्हणाला, "पन सरांच्या पाट्यांवरच्या वेळा चुकल्यात. माथ्यावर जायला सव्वा तास लिवलाय. आमी परवा धा जन गेलो, छत्तीस मिनिटांत वर. लोक हसत्यात."

हसतात, माहीत आहे. पहिली मीच हसले होते.

पाट्या नव्याने रंगवून घेतो म्हणाला. रंग पिवळाच ठेवणार. फक्त वेळा बरोबर टाकायच्या. त्या मी काढून द्यायच्या. "तुमच्याशिवाय गणित कोन करनार?"

बघते म्हटलं.

रविकांत अकरा ऑक्टोबरला गेले. सकाळी, चहा पिताना, पेपर हातात. अजून मला रडू आलेलं नाही. हे लिहून ठेवते कारण आमची लेक भार्गवी रोज फोनवर आडून आडून तेच विचारते. ही वही लिहीत जा, हेही तिचंच.

५ जानेवारी

काही नाही. भाजी निवडली. टीव्ही लावला, बंद केला.

८ जानेवारी

कपाटातून वेळांची यादी शोधून काढली. त्यांचं भूगोलाच्या मास्तरचं सुबक अक्षर. नऊ पाट्या, जाण्यायेण्याच्या वेळा. आमचं फाटक ते कॅनॉलच्या चारीचा पूल — १२ मिनिटे. लिंबाखालचा बाक — २८. वनखात्याचं फाटक — ४५. माथा, छगनचा मळा — १ तास १५. आणि तिथून परत, घर — १ तास २५.

त्यावर माझा लाल पेन. प्रत्येक आकड्यावर फुली. शेवटच्या आकड्याशी दोन फुल्या आणि शेरा — "उतरताना जास्त वेळ? काहीतरीच!"

पस्तीस वर्षं वह्या तपासल्या. हात थांबत नाही.

हे सगळं खूळ स्वित्झर्लंडचं. २०२३च्या जूनमध्ये भार्गवीकडे गेलो होतो. ती विंटरथूरजवळच्या एका खेड्यात राहते. घराबाहेर पडलं की चालायची वाट सुरू. डोंगरबिंगर नाही, साधी शेतातली वाट. मक्यातून, गवताच्या कुरणातून, एकाच्या गोठ्याच्या अगदी दारातून, मग झाडीत. कुरणाच्या तारेला प्लॅस्टिकची मूठ. आपण काढायची, आत जायचं, परत अडकवायची. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई शेजारी रवंथ करतायत, आणि मालक ट्रॅक्टरवरून हात करतोय! रविकांत वेडेच झाले. "अगं, हा बांधावरून माणसं जाऊ देतो! आपला छगन असता तर कुऱ्हाड घेऊन धावला असता."

आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्या. त्यावर किलोमीटर नाहीत, चालायला लागणारा वेळ. याचं त्यांना फार कौतुक. "अंतर जमिनीचं असतं, वेळ माणसाचा असतो," असं काहीतरी म्हणाले होते. मी म्हटलं, वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, त्यात माणसाचं काय!

त्या वाटेवर पुढच्या खेड्यापर्यंत पन्नास मिनिटं लिहिली होती. आम्हाला दोन तास लागले. माझ्या गुडघ्यांमुळे. ऐंशीच्या घरातली एक आजी दोन काठ्या टेकत आम्हाला ओलांडून गेली. "ग्रुएत्सी!" — म्हणजे तिकडचा नमस्कार. थोड्या वेळाने तीच आजी परत येताना भेटली! पुन्हा ग्रुएत्सी! मी बाकावर बसलेली. रविकांत तिला स्वतःचा गुडघा थोपटून दाखवत माझ्याकडे बोट करून इंग्रजीत समजावत होते.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या गुडघ्यांचा विषय पुन्हा कुणापुढे काढायचा नाही. माझ्यापुढेसुद्धा नाही. आणि तुमच्या वाटा तुम्हीच चाला, मला ओढू नका.

त्यांनी खरंच पुन्हा कधी विषय काढला नाही.

९ जानेवारी

राहून गेलं काल. इथे परत आल्यावर त्यांनी वाट काढली. शाळेतल्या जुन्या बाकांच्या फळ्या, पिवळा ऑईलपेंट. ज्याच्या त्याच्या बांधावर जाऊन पाया पडण्याइतकी विनंती. सगळे हो म्हणाले, एकटा छगन अडला. त्याच्या मळ्यातली शेवटची पाटी त्याने चौथ्या दिवशी उपटली. रविकांतांनी ती पुन्हा लावली नाही.

मला मात्र सारखं म्हणायचे, "एकदा चल ना."

"आधी वेळा सुधारा, मग येते."

"त्या सुधारलेल्याच आहेत," म्हणायचे आणि हसायचे. मला वाटायचं, हट्टी माणूस.

गेले नाही.

११ जानेवारी, रविवार

तीन महिने झाले. जेवले. भात थोडा कच्चा राहिला.

दुपारी गणित केलं. अडीच किलोमीटर. ताशी साडेचार किलोमीटर वेग धरला. चारीचा पूल ६ मिनिटे. लिंब १३. वनखात्याचं फाटक २०. चढ धरून माथा ४०. परत येताना घर ३३. नीट रकाने आखले, स्केलने. वीस मिनिटांत झालं.

बरं वाटलं का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल आपलाच असतो पण लागत नाही, तसं चाललंय तीन महिने. सगळं अंगच.

भार्गवीचा फोन. तिकडे बर्फ. वाटा बंद आहेत म्हणाली. रडलीस का हे आज विचारलं नाही. विचारायचं टाळतेय हे कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे वर्षभर सण नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं कुठलंच नाही, ते येणारही नव्हतं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या राहीबाईने गुपचूप तिळगूळ ठेवला हातावर. "म्या न्हाई मानत आसलं काय. खावा."

खाल्ला. गोड होता.

१६ जानेवारी, शुक्रवार

रविराज यादी घेऊन गेला. यादी बघून म्हणाला, "ह्याला म्हनत्यात हिशेब!" राहुरीहून पेंटर बोलावलाय, उद्यापासून काम सुरू.

दारातून वळून म्हणाला, "बाई, तुमाला चालंल ना? म्हंजे सरांचं आक्षर जानार."

चालेल म्हटलं. आवाज अगदी व्यवस्थित आला.

१८ जानेवारी

कॅनॉलला आवर्तन सुटलंय. चारीच्या पाण्याचा आवाज घरात येतो. बाकी काही नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी राहीबाई दूध घेऊन आली ती तणतणत. लिंबापाशी पेंटर भेटला होता.

"त्यानं लिवलंय तेरा मिनिटं! म्या म्हनलं, आरं बाबा, फटफटीवर बसून मोजलं का? पयलं आठ्ठावीस हुतं तेच बरुबर हुतं. आता माजी वाट कुनी लिवायची?"

मी म्हटलं, तुझी कशी? वाट सरांची.

"सरांची कशी वं? मोजली माज्यावर न्हाई का!"

मग ओट्याला टेकून तिने सांगितलं, आणि मी पातेलं हातात धरून ऐकलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

"सर घड्याळ घिऊन माज्या मागं मागं चालायचे. म्या पुढं, सर मागं. म्या बसले का सर बसायचे. म्या उटले का उटायचे. बाया हसायच्या, म्हनायच्या मास्तर येडं झालं. चार येळा माथ्यावर नेलं मला, चार येळा उतरवलं. म्या इचारलं, सर, तुमी सोता का न्हाई मोजीत? तर म्हनले, माझा काय उपयोग! राहीबाई, तुमचा गुडघा आन् आमच्या बाईंचा गुडघा येकाच मापाचा हाय. त्या आल्या का त्यान्ला पाटी खोटी वाटाय नगं."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सर म्हनले हुते सांगू नगा. गुडघ्याचं नाव काडलं का बाई चिडत्यात."

दूध तापवलं. उतू गेलं नाही. उभी राहून बघत होते.

मग यादी काढून बसले. बारा, अठ्ठावीस, पंचेचाळीस. उतरताना जास्त. दुखऱ्या गुडघ्याला चढ परवडतो, उतार नाही. आमच्या गच्चीचा जिना मी उलटी होऊन, कठडा धरून उतरते. रोज! हे मला माहीत नव्हतं? त्यावर मी दोन फुल्या मारल्या आणि वर "काहीतरीच".

रडू आलं नाही.  लगेच रविराजला फोन लावायला हवा होता, लावला नाही. बसून राहिले. असं का केलं माहीत नाही.

२१ जानेवारी

रविराजला फोन केला. म्हटलं, वेळा चुकल्यात.

"बाई, तुमीच काढल्या की!"

हो. मीच काढल्या.

आठ पाट्या झाल्या म्हणाला. पहिला रंग घासून, खालून प्राइमर मारून. फोटो पाठवले. पिवळाधमक रंग, काळी ठसठशीत अक्षरं, खाली त्याच्या केंद्राचं नाव. सहा. तेरा. वीस. अक्षर पेंटरचं, आकडे माझे. नववी राहिली — छगनने पेंटरला मळ्यात पाऊल टाकू दिलं नाही.

"बदलू का परत? पन सव्वीस तारीख तोंडावर आली वं. नंतर बघू का?"

बघू म्हटलं. रविराजचा काय दोष? पस्तीस मार्कांच्या पोराने शंभर मार्कांच्या बाईवर विश्वास ठेवला.

२२ जानेवारी, गुरुवार

गेले.

कुणाला सांगितलं नाही. दुपारी अडीचला फाटकातून निघाले. हातात यादी, रविकांतांचं घड्याळ, पायात भार्गवीने तिकडे घेऊन दिलेले बूट. अडीच वर्षांनी खोक्यातून काढले. सोबत काठी घेतली. बघायला कोण आहे!

चारीच्या पुलावर पोचले तेव्हा बारा मिनिटं झाली होती. पाटीवर सहा. थोडी थांबले. पाणी गढूळ, भरून चाललेलं. पुढे दोन्हीकडे ऊस. तोड अजून इकडे आलेली नाही, वाटेवर पाती झुकलेली. मग कांदा. बाया लावणीत वाकलेल्या, एकदम सरळ झाल्या. "बाई निगाल्या!" त्यांतली एक म्हणाली, "सरांच्या वाटंनं." परत लावणीला वाकल्या.

लिंब, एकोणतीस मिनिटं. बुटात खडा गेला होता तो काढला, नाहीतर अठ्ठावीसच. लिंबाखाली त्यांनी टाकलेला फळीचा बाक. त्या बाकाची उंची मला बरोबर. सोफ्यावरून उठताना मी दोन्ही हात टेकते, इथे टेकावे लागले नाहीत. त्यांनी तीही कुठेतरी मोजली असणार.

वनखात्याचं फाटक पंचेचाळीस. पुढे झाडी — सीताफळ, गिरिपुष्प, मध्येच सुबाभूळ. चढ आहे पण पायऱ्यांसारखे दगड रचलेले, ठेंगणे. पानं वाळलेली. एक होला उडाला, बाकी शांत. विंटरथूरकडच्या जंगलात इतकं शांत होतं की मला भीती वाटली होती. इथे वाटली नाही. काहीच वाटलं नाही. घड्याळ बघत चढत होते.

माथा. एक तास चौदा.

छगन गोठ्यात होता. मला बघून हातातलं शेणाचं घमेलं खाली ठेवलं. "बाई? तुमी? चालत?"

पाणी दिलं, बाज टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर गेले तवा आलतो म्या. लांबच हुबा हुतो."

नववी पाटी कुठे, विचारलं.

त्याने गोठ्याकडे हात केला. वासराच्या खोपीला फाटक — तेच! रविकांतांची पिवळी फळी, उलटी लावलेली. शेणाचे शिंतोडे.

"त्यो पेंटर आला तवा म्या सांगितलं, ही पाटी न्हाई, माजं फाटक हाय, हात लावू नगंस. खरं सांगतो बाई, पयल्यांदा म्या रागातच उपटली. मला वाटलं, आज पाटी लागली, उद्या तहसीलदार म्हनंल हितं वहिवाट हाय, रस्ता सोड. दुसऱ्या दिशी सर आले. म्या भांडायला कंबर कसून हुबा. तर सर फाटकाकडं बगत्यात. म्हनले, छगनराव, दोरीनं बांधलंय, वासरू ढकलंल हो. गेले. सकाळच्याला दोन बिजागऱ्या घिऊन परत आले. सोता ठोकल्या. तवापास्नं यायचे, च्या प्यायचे."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नसेल.

मान वाकडी करून वाचलं. घर — १ तास २५ मि. त्यांचं अक्षर. र ची शेपटी लांब.

"येळ मातर लई लिवलाय," छगन म्हणाला. "म्या म्हनलं बी, सर, उतराय अर्धा तास पुरं. तर म्हनले, न्हाई, उतरताना सावकाश यायचं आसतं."

ऊन कलायला लागलं होतं. छगनने फटफटीवरून घरी सोडलं, गाडीवाटेने वळसा घालून. फळी काढून देऊ का म्हणाला. नको म्हटलं, वासरू बाहेर येईल.

२३ जानेवारी

गुडघे सुजलेत. दिवसभर पडून. राहीबाईने एरंडाची पानं गरम करून बांधली. तिचेही दुखतायत म्हणाली.

२४ जानेवारी

कालच्यासारखंच. बसून यादी वाचली. पाठ झाली.

भार्गवीला सगळं सांगितलं.  मग कळलं, ती रडतेय. मी तिची समजूत काढली!

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेले. तिथून रविराजच्या उद्घाटनाला. त्याने मलाच फीत कापायला लावली. पुण्याची मंडळी चढून जाऊन चाळीस मिनिटांच्या आत परतसुद्धा वळली. खूश होती. पाट्या अगदी बरोबर आहेत म्हणाली.

आहेतच.

३० जानेवारी, शुक्रवार

छगनला निरोप धाडला होता. दुपारी त्याने फटफटीवरून माथ्यावर नेऊन सोडलं. सोबत येतो म्हणाला, नको म्हटलं. त्याने फाटक उघडून धरलं, वासराला मागे ढकलून, मी पुन्हा एकदा वाचावं म्हणून.

निघाले चार दहाला. सावकाश. दगडांवर आडवी होऊन, काठी आधी, पाय मागून. झाडीत दोनदा बसले. लिंबाखाली एकदा. चारीच्या पुलावर उभी राहिले तेव्हा आमच्या घराचं छप्पर दिसलं आणि मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

फाटकाची कडी लावली आणि मग बघितलं. पाच पस्तीस.

लाल पेन सापडेना. निळ्याने यादी पुन्हा तपासली. नऊच्या नऊ बरोबर. शेवटच्यापुढे दोन खुणा. सही करायला गेले आणि अक्षर दिसेना. किती वेळ रडले, मोजलं नाही.